काळ्या स्क्रीनची साडेसाती

ईशान्य

स्क्रीनचा वरचा उजवा कोपरा म्हणजे ईशान्य. हे केरूनाथांनी ठरवलं, कारण नकाशात उत्तर वर असते. टेबलावर उभ्या स्क्रीनची वरची कड छताकडे आहे, एवढं हर्षालीला दिसत होतं. पण तिला पगार टाइल्सची बिलं करायचा मिळे, डोकं चालवायचा नव्हे.

केरूनाथ परवापरवापर्यंत नुसते केरू होते आणि नाशिक रोडला मॉड्युलर किचन बसवत. आता ते कॉम्प्युटरची वास्तू बघतात. सार्थकशेठनी त्यांना मुद्दाम बोलावलं, कारण दुकानात गिऱ्हाईक येतं, टाइल कुरवाळतं आणि निघून जातं.

(भाव जास्त आहेत. हे कुणी तपासलं नाही.)

"इथं काय ठेवलंय, ताई?"

"रद्द झालेल्या ऑर्डरी."

"देवाच्या जागी रद्द ऑर्डरी. मग कसं व्हायचं."

शेठनी गंभीरपणे मान हलवली. शेठ इंजिनियर होते.

नैऋत्य

कचरा इकडे. रिसायकल बिन खाली डावीकडे ओढताना केरूनाथ काहीतरी पुटपुटत होते. शेठनी हात जोडले. हर्षालीला नीट ऐकू आलं: "राइट क्लिक, राइट क्लिक, हां."

ब्रह्मस्थान

मधोमध काही नको. आणि रंग पिवळा.

इथे हर्षालीचं मनातलं हसणं थांबलं. तिचा स्क्रीन मुद्दाम काळा होता. फोल्डर, पट्ट्या, सगळं काळं. तिला अर्धशिशी. उजळ स्क्रीनसमोर दुपारपर्यंत डावा डोळा ठणकायचा, मग उलट्या. काळा केल्यापासूनच ती दिवसभर बसू शकत होती. पिवळा म्हणजे नोकरी सोडणं.

"शेठ, मला त्रास होतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणून देते."

"सवय होईल," शेठ म्हणाले. "पॉझिटिव्ह राहायचं."

केरूनाथांनी दोन क्लिकमध्ये स्क्रीनभर हळद फासली.

वायव्य

(रिकामं ठेवायला सांगितलंय.)

आग्नेय

खालचा उजवा कोपरा. अग्नीची जागा. केरूनाथ तिथे घड्याळ आहे म्हणून हळहळत होते, तेवढ्यात हर्षालीच्या डोळ्यामागे पहिला ठोका पडला.

"माझी मीन रास," ती म्हणाली. "साडेसाती चालू आहे. शनीचा रंग पुसलात तुम्ही. माझं जाऊ द्या हो, पण दुकानाची बिलं माझ्या हातून निघतात."

केरूनाथांचा हात माउसवरून उठला.

शेठ खुर्चीत बसले. "मेषेलाही लागलीये ना आता?"

"लागली की," केरूनाथ पडेल आवाजात म्हणाले.

"मग आधी हिचा होता तसा करा. नंतर माझाही काळा करा."

डॉक्टर नको, शनी चालतो. एका बी.ई.ला आणि एका किचनवाल्याला गप्प करायला दोन-चार वाक्यं पुरली, याची तिला किळसच आली.

दोघे केबिनमध्ये गेल्यावर शेजारच्या टेबलावरून डिस्पॅच बघणारी रुखसार म्हणाली, "तुझी तर तूळ आहे ना गं? रोज पेपरात आधी तेच वाचतेस."

"गप बस."

"बसते. माझी पण बघ ना एखादी."

पुन्हा ब्रह्मस्थान

संध्याकाळी शेठ केबिनमधून डोकावले. केरूनाथ केव्हाच गेले होते.

"हर्षाली, कोटेशनचा फोल्डर शनीला उजवीकडे चालेल?"

स्क्रीन काळा होता. डोकं शांत होतं. तिने शेठकडे, त्यांच्या मागच्या फ्रेममधल्या डिग्रीकडे, पुन्हा शेठकडे पाहिलं.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली. "मधे काही ठेवू नका."

शेठ आभार मानून आत गेले.

"आचार्य," रुखसार म्हणाली, "चहा घेणार?"

हर्षालीने कपासाठी जागा केली. टेबलाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात.