मानेवरची गोचीड

सोनमला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी केराबाईनं नवऱ्याच्या मानेवरच्या गोचिडीला पेटती बिडी टेकवली.

मेंढरं बाभळीखाली बसली होती. या वेळेला नवरा-बायको रोज मेंढरांच्या कानांतल्या गोचिडी काढत आणि नखावर नख ठेवून चिरडत. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. आज सिदूच्या मानेवरच एक टम्म फुगलेली निघाली.

"आत्या, बिडी नका लावू," बाळाला खांद्याशी धरून सून सोनम खोपीतून बाहेर आली. ती गावची आशाताई होती. "चिमटा दिलाय की मी. कातडीला लागून धरायचं, सरळ वर ओढायचं. मग बाटलीतल्या स्पिरिटात टाकायचं. चिरडायचं तर न्हाईच."

"चिमट्यानं पोरी भुवया उपटत्यात," मान खाली घालूनच सिदू म्हणाला. "गोचिडीचं काय लगीन काढलंय व्हय?"

"मामा, तिच्या रक्तातनं ताप येतो."

"मग आमी कवाच मरायला पायजे हुतं."

केराबाई हसली. तिनं गोचीड पिळून उपटली, अंगठ्याच्या नखावर चिरडली आणि त्याच बोटानं मानेवरचं रक्त पुसलं.

"झालं की. जा, लेकराला पाज."

सोनम तिच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग हात धुवायला पाण्याचा तांब्या आणि साबण ठेवून आत गेली.

आठवडाभरात सिदूला ताप भरला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मुलानं, अजिनाथनं, जीप करून त्याला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

"अंगावर गोचीड होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कुणी काढली?"

केराबाईनं हात पदराखाली घेतला. खाटेवर सिदूनं डोळे उघडले.

"म्याच उपटली. ह्या दोघी चिमटा घे, चिमटा घे म्हणत हुत्या. म्या आयकलं न्हाय."

"आणि चिरडली?"

"व्हय. नखावर."

बाईंनी लिहून घेतलं आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. सोनमनं सासूकडं पाहिलं, मग खाटेकडं वळली.

"मामा, पाणी देऊ?"

तपासणीत बाकी सगळे ठीक निघाले.

पुढं दुखवट्याला आलेली माणसं खोपीसमोर बसली. बिभीषण, सिदूचा चुलतभाऊ, म्हणाला, "लई हट्टी गडी. घरात शिकलेली सून, तिचं आयकलं न्हाय. सोताच्या हातानं मरण घेतलं."

बायांनी माना हलवल्या.

"त्यांनी न्हाय," केराबाई म्हणाली. "म्या काढली. ह्या हातानं."

मग बिभीषण हळू आवाजात म्हणाला, "वैनी, असं मनाला लावून घिऊ नका. त्यो सोता डॉक्टरला बोललाय. अजिनाथ हुता की तितं."

अजिनाथनं मान हलवली. केराबाईनं सोनमकडं पाहिलं. सोनम बाळाला छातीशी धरून जमिनीकडं बघत होती. कुणीतरी चहाचं विचारलं.

सिदू कोळेकर वारला तो बुधवारी पहाटे, गौरी यायच्या आदल्या दिवशी. नात तेव्हा तीन महिन्यांची होती.