बर्फातला व्हर्निअर

चारुदत्त आगाशे मिशिगनमधल्या नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक तपासायचा आणि नोव्हेंबरात हरणं मारायचा. हरणं म्हणजे आजवर एकच. तेही बिचारं त्याच्याकडे इतका वेळ टक लावून उभं राहिलं, की बंदूक न झाडणं उद्धटपणाचं ठरलं असतं. पण त्या एका हरणाच्या जिवावर चारुदत्त मराठी मंडळाचा अधिकृत शिकारी झाला होता. पोटलकच्या, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, रांगेत कुणी भाजी वाढून घेत असला, तरी हा त्याला लांडग्याच्या चालीवर दहा मिनिटं ऐकवायचा. लांडग्याच्या पावलांवरचा दोन दिवसांचा कोर्स त्याने फी भरून केला होता, त्याचं सर्टिफिकेट दिवाणखान्यात गणपतीशेजारी लावलं होतं, आणि कारखान्यातल्यासारखा एक स्टीलचा व्हर्निअर कॅलिपर खास पावलं मोजायला विकत घेतला होता.

"घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही तुला, चारू, आणि जंगलात लांडगे शोधतोस," असं पद्मिनी, म्हणजे त्याची बायको, दर वर्षी निघताना म्हणायची. विद्वानाची कदर घरी कधीच होत नाही, हे चारुदत्तने केव्हाच स्वीकारलं होतं.

दोन हजार सातच्या शिकारीच्या मोसमातही तो वेनच्या केबिनवर गेला. वेन त्याच्याच कंपनीतून रिटायर झालेला टूलरूमचा फोरमन. मिशिगनच्या वरच्या टोकाला, जंगलात, एकटाच राहायचा. एकटा म्हणजे मेबलबरोबर. मेबल ही अकरा वर्षांची, जाडजूड, जवळजवळ बहिरी बीगल कुत्री. वेनच्या बायकोने पिल्लू असताना आणली होती. बायको गेली आणि मेबल राहिली. वेनची एक खास शिट्टी होती, कान फाटतील अशी. मेबलला जगात तेवढीच ऐकू यायची.

मोसमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वेनने मेबलला बाहेर सोडली. नऊ वाजले तरी ती परत आली नाही. वेनने दारातून शिट्ट्या मारून पाहिल्या, पण समोरून वारा असा सुटला होता की त्या त्याच्याच तोंडावर परत येत होत्या. त्याच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बर्फाच्या चकाकीत त्याला काळ्या चष्म्यातूनही धड दिसेना.

"चक, तुला पावलं वाचता येतात ना?" तो म्हणाला. चारुदत्तचं 'चक' त्यानेच केलं होतं. "तू वाच. मी मागून येतो."

तीन वर्षं चारुदत्त ज्या वाक्याची वाट पाहत होता ते हे. त्याने व्हर्निअर खिशात टाकला.

मेबलची पावलं सोपी होती. इकडे हुंग, तिकडे मूत, परत मागे ये, असा पाळीव कुत्र्याचा रिकामटेकडा हिशेब. ओढ्याजवळ मात्र आडवी गेलेली मोठी पावलं दिसली. सरळ रेषेत, पुढच्या पावलाच्या खड्ड्यात मागचं पाऊल, कुठेही वायफळ वळण नाही. चारुदत्तने गुडघा टेकून माप घेतलं. "अकरा पूर्णांक त्रेचाळीस सेंटिमीटर," तो म्हणाला. "लांडगा. नर." दहा पावलांवर बर्फ तुडवलेला होता आणि त्यावर रक्ताचे पाच-सहा थेंब.

मग चारुदत्तने जे व्याख्यान दिलं, त्याला मंडळात टाळ्या पडल्या असत्या. लांडगे दोन होते. एक या झाडामागे दबा धरून बसला, दुसऱ्याने तिला इकडे हाकललं. झटापट इथे झाली. फरपटल्याची खूण नाही, त्या अर्थी उचलून नेली. दुसऱ्या लांडग्याचं एकही पाऊल कुठे नव्हतं, पण तेवढ्याने अडतो तो तज्ज्ञ कसला?

वेनने टोपी काढली.

"लवकर संपलं असेल?" त्याने विचारलं.

"तीन सेकंद," चारुदत्त म्हणाला. हा आकडा त्याने कुठून आणला ते त्याचा तोच जाणे.

"लांडग्याचा काय दोष," वेन म्हणाला. "पोट त्यालाही आहे." केबिनवर येऊन त्याने मेबलचं जेवणाचं भांडं धुतलं, पुसलं आणि एका खोक्यात ठेवलं. चारुदत्तला खरोखर वाईट वाटलं. पण त्या वाईटाच्या कडेला थोडा अभिमानही चिकटला होता, नाही म्हणायला.

तीनच्या सुमाराला तो एकटाच परत ओढ्यावर गेला. मंडळाच्या अंकासाठी त्याला लेख लिहायचा होता, आणि व्हर्निअर शेजारी ठेवून काढलेल्या फोटोंशिवाय लेखाला वजन येत नाही. त्याने लांडग्याच्या पावलात व्हर्निअरचा जबडा घातला, आणि आत भुसभुशीत बर्फ लागला. बर्फ पडायचा तर सकाळी सहाला थांबला होता. म्हणजे लांडगा त्याच्या आधीच, पहाटे कधीतरी इथून गेला होता. मेबल बाहेर पडली साडेसातला. पुढच्याच पावलावर मेबलचा पंजा स्वच्छ उमटलेला होता, लांडग्याच्या पावलाच्या वर. तुडवलेल्या जागी त्याने बोटाने बर्फ उकरला, तर खाली तपकिरी पिसं. कुठल्या तरी घुबडाने रानकोंबडी फाडली होती. आणि आडव्या पडलेल्या झाडाच्या पलीकडे, जिथे सकाळी डोकावायचे कष्ट त्याने घेतले नव्हते, मेबलची पावलं मजेत पुढे गेली होती.

दोन दशांश स्थळांपर्यंत मोजून चारुदत्त अचूक चुकला होता.

केबिन दहा मिनिटांवर होती. सरळ जाऊन सांगायचं, एवढंच काम. पण सांगायचं काय? झटापट, दबा, तीन सेकंद, सगळं गिळायचं? वेनने टोपी काढली होती! त्यापेक्षा आपणच कुत्री शोधली, खांद्यावर घालून दारात उभे राहिलो, तर कोण विचारतो सकाळचं? आनंदाच्या भरात झाकलं जाईल. मोठा नामी विचार होता. चारुदत्त पावलांमागे निघाला.

पावलं दलदलीत गेली, पाण्यापाशी संपली. पलीकडे पाण्याला बांध घालणाऱ्या बीव्हरने रचलेल्या ओंडक्यांचा ढीग, त्यापलीकडे दाट झाडी. "मेबल! मेबल!" तो ओरडत राहिला. शेवटी शेवटी तर "मेबल, ये गं बाई" असंही म्हणून झालं. बहिऱ्या कुत्रीला मराठी काय नि इंग्रजी काय. त्याला शिट्टी येत नव्हती. शिट्टी तिकडे केबिनमध्ये, वेनबरोबर स्टोव्हपाशी बसली होती. बोटं बधिर झाली, पाच वाजत आले, झाडांखाली अंधारून यायला लागलं, तेव्हा कुठे तो धापा टाकत केबिनकडे पळाला.

"वेन, मी चुकलो. ती मेलेली नसेल. दलदलीकडे गेलीय."

वेनने बूट चढवले आणि नाड्या न बांधताच तो बाहेर पडला.

पाण्याच्या काठावर वेनने दोन बोटं तोंडात घातली. वारा एव्हाना पडला होता. पहिल्या शिट्टीनंतर काही नाही. दुसरीनंतर ओंडक्यांच्या ढिगातून एक बारीक, चिरका आवाज आला. मेबलचा मागचा पाय दोन ओंडक्यांमध्ये अडकला होता आणि ती पोटापर्यंत पाण्यात होती. दोन मिनिटांत सापडली. वेनने तिला शर्टाच्या आत घातली आणि चारुदत्त पुढे आला तरी त्याच्या हातात दिली नाही.

केबिनमध्ये स्टोव्हपुढे ब्लँकेटात गुंडाळल्यावर खूप वेळाने ती कापायची थांबली आणि कोमट दूध चाटायला लागली. चारुदत्तचा जीव भांड्यात पडला. "खरं म्हणजे टेक्निकली बघितलं तर कुणालाही वाटलं असतं," त्याने सुरुवात केली.

"तुला कधी कळलं, चक?"

साडेचार म्हणता आलं असतं. चारुदत्तने मेबलच्या सोलवटलेल्या पायाकडे पाहिलं.

"तीनला," तो म्हणाला.

वेनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी चुकलास ते मी विसरलो असतो," तो हळू म्हणाला. मग त्याने चारुदत्तला स्टोव्हजवळून जरा उठायला सांगितलं. कुत्रीला जागा हवी होती.