वीणेला लागलेली धग

मित्रांनो, पाचोडच्या बाजूला एका मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलेली मी एक जुनी वीणा. माझा भोपळा कुणाच्या शेतात वाढला, ते आता आठवत नाही. पण सप्ताह बसला की सात दिवस मी जमिनीला टेकत नाही, एवढा माझा मान. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात.

तीस वर्षं दुपारचा पहारा, म्हणजे मला गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी, बद्रीनाथांची. यंदा सप्ताहाच्या बारा दिवस आधीच शहरात त्यांच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची बायको, द्वारकाबाई, देवळाच्या पायरीवरच भांडली.

"डॉक्टरीणबाई काय म्हणली व्हती? लिव्हरात पाण्याची गाठ बी हाय, थंडी-ताप आला की तडक या!"

"अगं, वीणा काय जड हाय का?" ते हसले.

तिसऱ्या दुपारी त्यांनी मला गळ्यात घेतलं आणि मी दचकलेच. त्यांच्या उजव्या कुशीतून तव्यासारखी धग येत होती. मग अंग असं थरथरलं, की माझ्या तारा आपोआप वाजल्या.

"भाव दाटला!" पखवाज वाजवणारे सांडूभाऊ ओरडले. "बघा, कंप सुटला, घाम फुटला! देव अंगात भिनला की असंच व्हतं."

माणसं रांगेनं पाया पडू लागली. बद्रीनाथांचे डोळे वाहत होते. "लई वर्षं वाट पाह्यली गं माय," ते मलाच म्हणाले.

मित्रांनो, खरा भाव मी पुष्कळ हातांतून अनुभवलाय. त्याची ऊब असते; हे तर जाळत होतं. पण मी काय करणार? छेडल्याशिवाय मला वाचा नाही, आणि छेडलं तरी माझा सूर एकच.

चौथ्या दुपारीही तेच. द्वारकाबाई पेज घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि मला ओढून सरळ जमिनीवर ठेवलं.

"वैनी, वीणा खाली? सप्ताह मोडला की!" सांडूभाऊ म्हणाले.

"माणूस मोडाया लागलाय, ते दिसंना व्हय?"

जीपनं त्यांना शहरात नेलं. गाठीत पू झाला होता. कुशीतून नळी घालून काढताहेत म्हणे. दवाखान्यात आज नववा दिवस, ताप अजून उलटतोच आहे. सांडूभाऊ रोज दवाखान्यातून येतात, माझ्यासमोर बसतात आणि आज ताप किती होता ते मला सांगतात.

मित्रांनो, देवाचं नाव घेताना कुणी थरथरलं, तर पायांवर डोकं जरूर ठेवा. पण त्याआधी कपाळाला हात लावून बघा. माझ्याजवळ हात असता, तर मी तिसऱ्या दुपारीच लावला असता.