मातीला दिलेली पानं

व्हरांड्यातल्या लोखंडी खाटेखाली मिल्काबाईंनी तिसऱ्यांदा वाकून पाहिलं. गोणी तिथे नव्हती. ती जिथे ठेवली होती तिथे धुळीत एक चौकोन तेवढा उरला होता.

"ती गोणी का, काकू?" शेजारची पूनम चहा घेऊन आली होती. "ती तर मी परवाच रद्दीवाल्याला देऊन टाकली. पूरी दीमक लागली होती. म्हटलं, तुमचं सामान तेवढंच हलकं होईल."

मिल्काबाई खाटेच्या कडेवर बसल्या. पूनमने आठ दिवस त्यांच्याबरोबर भांडी गुंडाळली होती, पेट्या बांधल्या होत्या. तिच्यावर रागवावं कसं? रविवारी लेक त्यांना कायमचं ठाण्याला न्यायला येणार होती. नेपानगरच्या या क्वार्टरमध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली होती. सगळ्या कॉलनीत बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, हे एकच घर. शनिवारी चूल न पेटणारं घर म्हणून पोस्टमनसुद्धा ओळखायचा.

गोणीत प्रार्थनेची पुस्तकं होती. मिल्काबाईंच्या वडिलांची, सासऱ्यांची, आणि आठ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची, हाईमसाहेबांची. एका पानावर हिब्रू, समोर मराठी. वाळवीने मधली पानं चाळणीसारखी केली होती.

पूनमने घाबरून विचारलं, ती वाचायची होती का? मिल्काबाईंनी मान हलवली.

"पुरायची होती," त्या म्हणाल्या. "ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो आम्ही फाडत नाही, जाळत नाही. जुना झाला की माणसासारखा मातीला देतो. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये द्यायची म्हणून ठेवली होती."

पूनमने लगेच रद्दीवाल्याला फोन लावला. माल काल संध्याकाळीच कागदाच्या मिलमध्ये उतरला होता.

मिलमध्ये. मिल्काबाईंना हसू यावं की रडू, कळेना. हाईम झिराडकर त्याच मिलमध्ये पल्परवर, रद्दीचा लगदा करणाऱ्या यंत्रावर, होते. रद्दीचे डोंगर त्या पाण्याच्या भोवऱ्यात पडायचे आणि घटकाभरात अक्षरं विरघळून राखाडी लापशी व्हायची. संध्याकाळी घरी आले की ते कितीतरी वेळ हात धूत बसायचे. एकदा, आजारपणात, छताकडे बघत म्हणाले होते, "मिल्का, किती जणांची नावं त्या पाण्यात गेली असतील." तापाचं बोलणं म्हणून मिल्काबाईंनी कपाळावर पट्टी ठेवली होती.

त्या तशाच मिलकडे निघाल्या. गेटवरच्या माणसाने साहेबांच्या बाईंना ओळखलं आणि सोबतीला एकाला दिलं. कार्तिकातली सकाळ होती. चिमणीतून निघालेली वाफ आकाशात न विरता तशीच उभी होती. यार्डात जुन्या वर्तमानपत्रांचे, वह्यांचे, लग्नपत्रिकांचे ढीग, आणि वाऱ्याने उठलेले कागदाचे कपटे उन्हात संथ तरंगत होते. मिल्काबाईंना वाटलं, आपण चालत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला हलकेच पुढे नेतंय. एवढ्या ढिगांत आपली गोणी कुठे आणि कशी शोधायची, हा प्रश्नसुद्धा त्यांच्या मनात उरला नव्हता.

रद्दी निवडणाऱ्या बायकांतली एक उठून आली. पिकलेले केस, कमरेला खोचलेला पदर. धुरपदाबाई. साहेबांच्या हाताखाली लागली तेव्हा नवीन लग्न झालेली पोरगी होती, असं तिनेच सांगितलं. मिल्काबाईंनी गोणीचं सांगताच ती त्यांना शेडच्या कोपऱ्याकडे घेऊन गेली. तिथे झाकण लावलेली एक लाकडी पेटी होती. झाकण उघडलं. सगळ्यात वर हाईमसाहेबांचं पुस्तक होतं.

पेटीत आणखीही बरंच काही होतं. गीतेची सुटी पानं, उर्दूसारख्या अक्षरांचं एक पुस्तक, कुंकू लागलेली व्रतकथा, अगरबत्तीच्या राखेचा वास येणारी कुणाची तरी आरत्यांची वही.

"मला वाचता नई येत, बाई," धुरपदाबाई म्हणाली. "साहेबांनी खूण सांगून ठेवली होती. पानाचे कोपरे बोटांनी घासलेले दिसले, तेलाचा डाग दिसला, का बाजूला ठेवायचं. रोज कोनीतरी हातात घेतलेलं राहतं ते."

"पण ही तर सगळ्यांच्या देवांची आहेत."

"मी बी इचारलं होतं. साहेब म्हने, नाव कोनाचं हाय ते आपन नई पहायचं. कोनीतरी हाक मारली हाय, एवढं पहायचं."

साहेब गेल्यावरही बायकांनी ते मोडलं नव्हतं. पेटी भरली की जसोंडी गावी निंबाच्या शेतात नेऊन पानं पुरायची. निंबा पूर्वी पल्परवर साहेबांचा जोडीदार होता.

जसोंडी. दर वर्षी एका रविवारी हाईमसाहेब तिकडे मित्राच्या शेतावर जायचे. संध्याकाळी पँटला माती आणि हातात केळी घेऊन यायचे. शेतात लोळायला जाता, म्हणून मिल्काबाई चिडवायच्या आणि ते हसायचे. त्या कडक शिस्तीच्या हझानाची मुलगी. सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या वडिलांनी कोणतं पुस्तक कशाशेजारी ठेवायचं तेही ठरवून दिलेलं. म्हणूनच हाईमसाहेबांनी सांगितलं नसेल का? सांगितलं असतं तर त्या वयात आपल्याला रुचलं असतं का? मिल्काबाई स्वतःलाच विचारत राहिल्या, आणि त्यांना खात्रीने हो म्हणता येईना.

मिल्काबाई आपली पुस्तकं त्या पेटीतून बाहेर काढू शकल्या असत्या. धुरपदाबाईने त्यासाठी पिशवीही पुढे केली होती. मिल्काबाईंनी हाईमसाहेबांचं पुस्तक उचललं, ओठांना लावलं आणि परत तिथेच, आरत्यांच्या वहीला लागून ठेवलं.

"निंबाला निरोप धाडा," त्या म्हणाल्या. "मी पण येते."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पेटी टेम्पोतून जसोंडीला गेली. निंबाने केळीच्या नव्या लावणीसाठी खड्डे घेतले होते. त्यांतलाच एक जरा खोल केला होता. साहेब असतानाही असंच करत होतो, म्हणाला. कुणी मंत्र म्हटले नाहीत. धुरपदाबाई पानं हाती देत गेली आणि मिल्काबाई गुडघे टेकून ती एकेक खाली ठेवत गेल्या. जुन्या केळींची पानं वर एकमेकांना टेकलेली होती. त्यांच्यातून गाळून आलेला हिरवा उजेड कागदांवर पडला होता. साहेबांचं पुस्तक ठेवताना त्यांचा हात क्षणभर तिथेच राहिला. हाईमसाहेबांची कबर दूर ठाण्याला होती. घाईत झालेल्या दफनाच्या वेळी त्यांना मूठभर मातीही नीट टाकता आली नव्हती. आता त्यांनी ओंजळी भरभरून माती टाकली. निंबाने थांबून त्यांचं होऊ दिलं, मग फावडं घेतलं.

निघताना त्याने झोपडीतून पिकलेल्या केळ्यांची फणी आणली. शेजारच्या ओळीतली, बाई, तो म्हणाला. मागे साहेबांनी पुरलं होतं तिथली.

खाण्याआधी काय म्हणायचं ते फळावर ठरतं. झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, मातीतून येणाऱ्याला दुसरा. केळीला लाकूड नसतं, म्हणून केळं मातीचं. लहानपणापासून मिल्काबाई ते पुटपुटत आल्या होत्या, ओठांतल्या ओठांत, घाईघाईने. आज त्यांनी केळं सोललं, आणि निंबा, धुरपदाबाई ऐकत असताना, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "बोरे पेरी हाअदामा." मातीचं फळ निर्माण करणाऱ्या देवा.

मग अर्धं केळं मोडून त्यांनी धुरपदाबाईच्या हातावर ठेवलं.