साबण लावलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, इंजिनाचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मला गॅरेजच्या खिळ्यावर लोंबताना पाहून एका गृहस्थांनी "हा कुणाच्या पाठीत घालता?" असं विचारलं होतं. मी आजवर कुणाच्या पाठीत बसलो नाही. तरीही माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि तीच सांगायला आज तोंड उघडलं आहे.

रबर आणि सुताचे थर एकावर एक दाबून मला कारखान्यात घडवलं. पुढे कागदाच्या वेष्टनात मी एका दुकानाच्या फळीवर कित्येक महिने लोळत पडलो होतो. मग चष्मेवाल्या मिस्त्रींनी मला आणून एका पांढऱ्या व्हॅनच्या इंजिनावर चढवलं. इंजिन फिरलं की मी फिरायचो आणि माझ्या जोरावर आणखी दोघे फिरायचे. एक पाण्याचा पंप, तो इंजिन थंड ठेवी. दुसरा अल्टरनेटर, तो वीज करून बॅटरी भरी. मिस्त्रींनी अंगठ्यानं दाबून माझा ताण पाहिला आणि चालकाला बजावलं, "हा ओरडायला लागला तर गाडी लगेच माझ्याकडे आण. पट्टा स्वतःच्या दुखण्यानं क्वचित ओरडतो. बहुतेक वेळा दुखणं दुसऱ्याचं असतं."

"आणतो की," चालक म्हणाला.

हा चालक मोठा भला माणूस. कुणी काहीही सांगितलं तरी त्याचं उत्तर एकच, 'पोचवतो.' म्हणून सगळे त्याला पोचवतोच म्हणत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो दोन आजारी माणसांना चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात नेई. एक होते शिंपीदादा, दुसऱ्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दोघांच्याही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. दवाखान्यातलं यंत्र त्यांचं रक्त साफ करून देई आणि त्यावरच त्यांचे पुढचे तीन-चार दिवस निघत. त्या वाटेनं दुसरी सोय नव्हती. गाडी होती म्हणून ती दोघं होती.

एकदा बोनेट उघडलेलं असताना बाईंनी मला निरखून पाहिलं. "हा एवढासा पट्टा सगळ्यांना फिरवतो होय? मग हाच इथला मुख्याध्यापक!" त्या दिवशी मी अंगात वारं शिरल्यासारखा पळालो.

चार वर्षं अशी सुखात गेली. मग अल्टरनेटरच्या आतलं बेअरिंग कोरडं पडू लागलं. तो जड झाला, मी त्याच्या पुलीवरून घसरू लागलो आणि घसरलो की माझ्या तोंडून किंकाळी फुटू लागली. मी मिस्त्रींचं सांगणं पाळत होतो, दुसऱ्याचं दुखणं ओरडून सांगत होतो. पण परतीच्या वाटेवर बाई पार गळून गेलेल्या असत. काचेला डोकं टेकून जरा डोळा लागला की माझी किंकाळी त्यांना दचकवी. त्या पदर सावरून पुन्हा डोळे मिटत. शिंपीदादांना मात्र राहवलं नाही. "अहो पोचवतो, ते मांजर बाहेर काढा बोनेटमधून. बाईंना झोप लागत नाही."

चालकाला वाईट वाटलं. कुण्या जुन्या चालकानं सांगितलेली युक्ती त्याला आठवली. घरी येऊन त्यानं बायकोकडे कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा मागितला आणि तो माझ्या आतल्या अंगाला चोळला.

"अहो, साबणानं मळ जातो. दुखणं जात नाही," ती दारातून म्हणाली.

"अगं, तेवढी बाईंना झोप तर मिळेल. बुधवारी नेतोच मिस्त्रीकडे."

मी गप्प झालो. खरं सांगतो, मलाही ते आवडलं. अंग गार पडलं, कुणी मांजर म्हणेना. त्या शुक्रवारी बाई घर येईपर्यंत झोपल्या आणि उतरताना म्हणाल्या, "आज गाडी कशी मऊ चालली." ते ऐकून चालकाचा चेहरा खुलला. बुधवार आला आणि गेला. गप्प बसलेल्याकडे कोण बघतं? साबणाचा तुकडा चालकाच्या खिशातच राहू लागला. मी जरा कुरकुरलो की तो बाहेर येई. असे पाच आठवडे गेले. शेजारी अल्टरनेटर झिजत होता आणि मला ते कळत होतं.

सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी दवाखान्यातलं यंत्र बिघडलं होतं, दोघांची पाळी हुकली. शुक्रवारी सकाळी बाईंच्या पायांवर इतकी सूज होती की चपला हातात घेऊनच त्या गाडीत चढल्या. त्या दिवशी पोचणं भागच होतं.

अर्ध्याहून जास्त वाट सरली आणि चढावर अल्टरनेटर जागच्या जागी जाम झाला. त्याची पुली थांबली, मी मात्र तिच्यावरून फरफटत राहिलो. जळक्या रबराचा धूर निघाला, समोर लाल दिवा लागला. चालकानं उतरून पुली हातानं फिरवून पाहिली, ती तसूभर हलली नाही. माझी एक कड सोलून सूत बाहेर आलं होतं. त्यानं दवाखान्याला फोन लावला. त्यांची गाडी दुसरीकडे गेलेली.

"थांबू या. येईल एखादी गाडी," शिंपीदादा म्हणाले.

चालकानं बाईंकडे पाहिलं. त्यांना बसल्या जागी धाप लागली होती. "अकरा किलोमीटर तर राहिलंय," तो म्हणाला. "पोचवतो."

"सावकाश चला," बाई म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

एक किलोमीटरही झाला नसेल, मी तुटलो. मी तुटलो तसा पाण्याचा पंप थांबला आणि इंजिन तापू लागलं. काटा लाल रेघेपलीकडे गेला. चालकाला तो दिसत होता, आणि आरशात बाईही दिसत होत्या. त्यानं गाडी थांबवली नाही. आणखी चार किलोमीटरवर इंजिनानं दोन हिसके दिले आणि ते कायमचं बंद पडलं.

पुढचं मी गॅरेजमध्ये ऐकलं. पावणेदोन तासांनी विटांचा एक ट्रक आला, त्यानं तिघांना नेलं. शिंपीदादांना यंत्रावर घेतलं. बाईंना घ्यायची वेळच आली नाही. त्या दवाखान्याच्या बाकावरच गेल्या.

मिस्त्रींनी अल्टरनेटर खोलला आणि आतलं बेअरिंग चालकाच्या तळहातावर ठेवलं. एखाद्या पेढ्याएवढं असेल. "एवढंच दुखणं होतं. पट्टा ओरडला नाही का?"

"ओरडला होता."

"मग?"

चालकानं खिशातून साबणाचा तुकडा काढून फळीवर ठेवला. मिस्त्रींनी मला या खिळ्यावर अडकवलं.

इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेलं आहे. व्हॅन कुंपणाशी उभी आहे, चाकांतली हवा गेली आहे. चालक हल्ली विटांच्या भट्टीवर जातो. परवा रस्त्यावरून कुणीतरी "ओ पोचवतो!" अशी हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. शिंपीदादा दवाखान्यात कसे जातात, जातात की नाही, मला माहीत नाही. इथे कुणी त्यांचं नाव काढत नाही.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, कुणी कण्हलं तर त्याला गप्प करण्याआधी त्याच्या शेजारी कोण आजारी आहे ते बघा. मायेपोटीसुद्धा आवाज दाबू नका. मला हे उशिरा कळलं आणि आता माझ्या कळण्याचा कुणाला उपयोग नाही. तो साबणाचा तुकडा अजून माझ्याखालच्या फळीवर आहे, सुकून चिरा पडलेला. मिस्त्रींचे हात दिवसभर काळे होतात, पण त्या साबणाला ते हात लावत नाहीत.