बोटाला लागलं ते

ओहोटी लागली की बेटावरच्या बायका कमरेइतक्या पाण्यात उतरत आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत बाहेर येत नसत. खुंटांना ताणून बांधलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांना लटकवलेली गुसोची रोपं. ती झटकायची, निसटलेली पुन्हा बांधायची, माशांनी कुरतडलेली काढून टाकायची. गुसो म्हणजे समुद्रातलं शेवाळ, पण त्या बेटावरची घरं त्याच्यावर चालत. रुफिना लग्न होऊन आल्यापासून हेच करत होती.

तिची अडचण सगळ्यांना ठाऊक होती. पाळीत पाण्यात उतरायचं कसं? पॅड भिजून उशीसारखं फुगे आणि मांड्यांमध्ये लोंबे. बाकीच्या बायका तेवढे दोन-तीन दिवस किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराखाली बसून रोपं बांधत आणि मग पुन्हा पाण्यात जात. रुफिनाचं मात्र आठ-आठ, दहा-दहा दिवस चाले. गेल्या वर्षापासून तर एक पाळी कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली हेच कळेनासं झालं होतं. बायका चेष्टा करत, की रुफिनाने समुद्र नवऱ्याच्या नावावर करून दिलाय. अंग चोळणाऱ्या म्हातारीने पोट दाबून पाहिलं आणि चाळिशी जवळ आली की असंच होतं म्हणून सांगितलं. रुफिनालाही ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

तिची मामेबहीण जेनलिन पांग्लाव बेटावरच्या एका रिसॉर्टवर पर्यटकांना बुड्या मारायला नेई. तिने मागे एकदा टॅम्पॉन, म्हणजे आत सरकवायचे कापसाचे बोळे, आणून दिले होते. रुफिनाने एक लावून पाहिला. रक्त इतकं जात होतं की तासाभरात तो निकामी झाला, आणि खारं पाणी शोषून असा जड झाला की तिला छपराकडे पळावं लागलं. उरलेले तिने फडक्यात गुंडाळून ठेवून दिले.

गावच्या संताच्या सणाला जेनलिन घरी आली, तेव्हा तिने नवीनच काहीतरी काढलं. पातळ, मऊ, गुलाबी रबराची गोल डिस्क. मध्ये खोलगट, कडेला लवचीक कडं. रुफिनाने ती उलटीपालटी करून पाहिली.

"ही तर पोरींच्या भातुकलीतली ताटली आहे. ही आत जाणार?"

"दुमडली की जाते, मनांग," जेनलिन म्हणाली. रुफिना वयाने मोठी, म्हणून ती तिला कायम मनांग म्हणे. "तीन पोरं काढलीस तू त्या वाटेने. तिथे ही ताटली कसली अडतेय?"

दोघी हसल्या. मग जेनलिनने नीट समजावलं. आधी उकळून घ्यायची. उकिडवं बसून दुमडायची, माकडहाडाच्या दिशेने मागे सरकवायची, आणि पुढची कड बोटाने वर, हाडाच्या मागे अडकवायची. गर्भाशयाचं तोंड तिच्यामुळे खालून झाकलं जातं आणि रक्त तिच्यात साठतं. पाणी आत येत नाही, रक्त बाहेर जात नाही. मी तासन्‌तास पाण्याखाली असते आणि मला पाळी आहे हेच विसरून जाते, असंही ती म्हणाली.

पहिल्यांदा रुफिनाचा घाम निघाला. बांबूच्या न्हाणीघरात ती घोट्यांवर बसली होती, बाहेर कोंबड्या फिरत होत्या आणि सासू भांडी घासत होती. ताटली दोनदा हातातून उसळून भिंतीवर आपटली. तिसऱ्यांदा बसली, पण कड वर अडकवताना बोटाला काहीतरी टणक लागलं आणि पोटात कळ आली. आत असंच असतं की काय ते तिला माहीत नव्हतं. उभ्या जन्मात तिने इतक्या आत बोट घातलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र ती ओहोटी संपेपर्यंत पाण्यात राहिली. एकदाही मागे वळून स्वतःच्या कपड्यांकडे पाहावं लागलं नाही. तिचा नवरा अर्सेनियो शेजारच्या दोरीवर होता. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता. जाता जाता म्हणाला, की ती बरोबर असली की काम लवकर उरकतं. रुफिनाला त्या एका वाक्याने जत्रेतून आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी डिस्क काढली तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती. पॅडवर नुसता डाग दिसे. किती गेलं ते कळत नसे. इथे ते समोर होतं, काळपट, गाठींनी भरलेलं, आणि त्याला एक कुजका वास होता. तिने पुन्हा बोट आत घातलं. तो टणक भाग तिथेच होता. खडबडीत. बोट बाहेर आलं ते ताज्या लाल रक्ताने माखून.

जेनलिन तोवर पांग्लावला परतली होती. फोनला रेंज मिळावी म्हणून रुफिना चॅपलमागच्या टेकाडावर चढली.

"दाय, आत टोकाला जे असतं, ते हाताला कसं लागतं ग?" तिने विचारलं. धाकट्या बहिणीला ती दाय म्हणे.

"नाकाच्या शेंड्यासारखं. गुळगुळीत. का?"

रुफिनाने नाकाला हात लावून पाहिला.

"माझं तसं नाही. खडकाला कालवं चिकटलेली असतात ना, तसं लागतं. आणि हात लागला की रक्त येतं."

मग जेनलिन म्हणाली, उद्याच्या होडीने टागबिलारान शहरात ये, मी रजा टाकते, दवाखान्यात जाऊ. रुफिना हो म्हणाली. पण टेकाडावरून उतरेपर्यंत तिने मनात ठरवून टाकलं होतं, की आधी कापणी होऊ दे. कापणी झाली, मग गुसो वाळवायचं होतं. वाळलं, मग नाताळ आला. जेनलिन फोन करत राहिली आणि रुफिना पुढच्या आठवड्याचा वायदा देत राहिली. डिस्क ती वापरत होतीच, कारण तिच्यामुळे पाण्यात उतरता येत होतं. फक्त काढताना डोळे मिटून दोन बोटांनी कड धरायची आणि त्यापलीकडे बोट जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

सासूच्या हाती ती डिस्क लागली नाताळानंतर. सासूला घरात सगळे नानाय, म्हणजे आई, म्हणत. ती उठताबसता जपमाळ ओढणारी बाई होती. कपाटात पेल्याखाली झाकलेली डिस्क पाहून तिने एकच अर्थ लावला. पोर होऊ नये म्हणून शहरातल्या बायका असलं काहीतरी घालतात, हे तिने ऐकलं होतं. अर्सेनियो होडी ओढून घरी आला तेव्हा ती वस्तू जेवणाच्या टेबलावर मांडलेली होती, भाताच्या पातेल्याशेजारी.

नानाय पाप, देव, घराणं असं बरंच बोलली. कित्येक महिने बायकोने अर्सेनियोला जवळ येऊ दिलं नव्हतं. आणि आता ही वस्तू. त्याने हिशोब जुळवला आणि एकच शब्द विचारला.

"कोणासाठी?"

रुफिनाला वाटलं होतं आपण चिडू. पण ती बाकावर बसली.

"कोणासाठी नाही. तुला जवळ घेतलं की रक्त जायचं आणि दुखायचं, म्हणून नाही म्हणत होते. आत काहीतरी उगवलंय, अर्सेनियो. माझ्या बोटाला लागलंय ते."

तो दारातच पायरीवर बसला. भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीने दोघं निघाले.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि हळू आवाजात बोलायची. तपासण्या झाल्या, तुकडा काढला, पोटाची चित्रं काढली. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता आणि तो बाजूला पसरला होता. ऑपरेशन करून उपयोग नव्हता. सेबूच्या मोठ्या इस्पितळात जाऊन किरणांचे उपचार घ्यावे लागणार होते. अर्सेनियोने त्या डिस्कबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाली, हा आजार कित्येक वर्षं आत वाढत असतो, त्या वस्तूचा त्याच्याशी काही संबंध नाही, उलट तिच्यामुळे तो हाताला लागला. मग रुफिनाने विचारलं, की कळलं त्याच दिवशी आले असते तर? डॉक्टर हातातल्या कागदाकडे पाहत म्हणाली, की तेव्हाही फार वेगळं सांगितलं नसतं. हे खरं होतं की दया होती, ते रुफिनाला कधीच कळलं नाही. पुढे कित्येकदा ती त्या वाक्यापाशी येऊन थांबे.

सेबूला ती जेनलिनच्या ओळखीच्या एका घरात राहिली. किरणांनी आतून भाजल्यासारखं होई, जुलाब लागत, अन्नाचा वास नको वाटे. जेनलिन सुटी मिळेल तशी येई, कपडे धुई, पेज करून चमच्याने भरवी. तिने एकदाही, मी सांगितलं होतं, असं म्हटलं नाही. बेटावर मात्र वेगळंच शिजत होतं. जेनलिनने शहरातून रबर आणलं आणि रुफिनाच्या पोटात सडवलं, असं नानायने धक्क्यावर सांगितलं, आणि धक्क्यावरून ते घरोघर गेलं. चॅपलमध्ये जेनलिनच्या आईशेजारची जागा रिकामी राहू लागली. अर्सेनियोला डॉक्टरचं बोलणं ठाऊक होतं, पण आईपुढे तोंड उघडणं त्याला जमलं नाही.

रुफिना परतली ती निम्मी होऊन. रक्त थांबलं होतं. पहिल्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर बायका चॅपलच्या दारात जमल्या, तिचा हात हातात घेऊन हळहळू लागल्या, आणि एकीने जेनलिनला शिव्या घातल्या. रुफिनाने हात सोडवून घेतला.

"ही गाठ जेनलिनने घातली नाही, ती आधीच होती. वय झालं म्हणून तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं. त्या पोरीमुळे मी निदान हात घालून पाहिलं. तुमच्यातल्या कोणाला मधूनच रक्त जात असेल, तर माझ्यासारखं घरी बसू नका."

कोणाला तरी चुलीवरचं कालवण आठवलं आणि घोळका पांगला. नंतर डेल्फिना नावाची एक शेजारीण मागच्या दाराने आली, गुपचूप विचारून गेली आणि तपासून आली. तिच्यात काही निघालं नाही. मग बाकीच्या म्हणाल्या, बघा, उगाच घाबरवते.

पावसाळ्यानंतर रुफिनाची कंबर दुखू लागली. आधी बसल्यावर, मग झोपल्यावर, मग सतत. आजार हाडात उतरला होता. थोरल्या मुलीने शाळा सोडली आणि आईच्या दोऱ्यांवर जाऊ लागली. रुफिनाने तिला अडवायला हवं होतं, पण दोऱ्या कोणीतरी सांभाळायलाच हव्या होत्या. अंगावरून पुन्हा जाऊ लागलं, आता रक्तच नाही तर लघवीही थांबेना. अर्सेनियो रोज सकाळी तिची फडकी बादलीत घालून किनाऱ्यावर नेई आणि सगळ्यांसमोर धुई. पुरुष हसले. त्याने मान वर केली नाही. आईपुढे न बोललेल्या शब्दांची भरपाई तो अशी करत होता, हे रुफिनाला कळत होतं, आणि ती त्याला काही म्हणत नव्हती.

एका दुपारी नानाय तिला पेज भरवत होती. मध्येच तिने चमचा वाडग्यात ठेवला आणि भिंतीकडे पाहत म्हणाली,

"मलाही अंगावरून जातंय. यंदाच्या सणाच्या आधीपासून."

नानायची पाळी जाऊन वीसेक वर्षं झाली होती. रुफिनाने विचारलं, अर्सेनियोला सांगितलं का. नानायने नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोक्यावर आधीच काय कमी आहे, असं म्हणाली. रुफिनाला तिचा राग यायला हवा होता. तो यावा इतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने उशाखालचा फोन काढून मुलीला टेकाडावर पाठवलं, आणि जेनलिन मावशीला बोलावून घे म्हणाली.

जेनलिन दुसऱ्याच दिवशी आली. घराच्या पायरीशी थांबली, आत येऊ की नको अशी. नानाय स्वतः बाहेर गेली. दोघींत काय बोलणं झालं ते रुफिनाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने खिडकीतून दिसलं, की दोघी धक्क्याकडे निघाल्यात. वाळूत म्हातारीचा पाय रुतत होता आणि तिने जेनलिनचा दंड घट्ट धरला होता.

नानायच्या तपासणीचा निकाल यायच्या आतच रुफिना गेली. नानायचं जे निघालं ते लहान होतं, काढून टाकण्याजोगं. ऑपरेशन झालं आणि ती बरी होऊन घरी आली. त्यानंतरही ती बरीच वर्षं जगली, नातवंडांना भात वाढत राहिली. जेनलिन बेटावर आली की नानायच्या घरी जेवूनच जाई. रुफिनाबद्दल मात्र दोघींपैकी कोणी बोलत नसे.