कुंकू लागलेला बोल्ट

गहिनीनाथ ड्रायव्हरची नोकरी माझ्या जिभेनं घालवली. बहात्तर साली, दिवाळीच्या तोंडावर, सिरसाळ्यात माझ्या गॅरेजपुढे, दहा माणसांच्या देखत.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. सोसायटीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जुनी जीप घेतली होती. तिच्यामागे पाण्याची टाकी जोडून गहिनीनाथ वस्त्या-वस्त्यांना पाणी पोचवायचा. त्या दिवशी मात्र जीपच बैल लावून ओढत आणावी लागली. मी खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं, क्लच झाकणारं बिडाचं कवच असतं, त्याला आम्ही बेल हाउसिंग म्हणतो. ते खालच्या, बोल्ट बसतो त्या कानापासून वीतभर तडकलं होतं.

चेअरमन राधाकिशनरावांनी विचारलं, "कशानं झालं, त्रिंबक मिस्त्री?"

मी तापट माणूस, त्यात तालुक्यात नाव. खोलून बघायच्या आधीच बोलून मोकळा झालो. "भरल्या टाकीसकट खड्ड्यातून दणादण हाणली असंल. दुसरं काय!"

गहिनीनाथ एवढंच म्हणाला, "मिस्त्री, एकदा खोलून तर बघा."

"तू मला शिकवतो काय बे?"

चेअरमननी जागेवरच त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो बायकोच्या, छबुबाईच्या शेजारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. मला त्याचं काही वाटलं नाही, हे सांगायलासुद्धा आज लाज वाटते.

मग मी जीप खोलायला घेतली. कवच इंजिनाला धरून ठेवणारे सहा बोल्ट. खालचे दोन घट्ट होते. वरच्या चारातले दोन गळून पडलेले, आणि उरलेले दोन नुसत्या बोटांनी फिरले. वरून धरायला कोणी नाही म्हटल्यावर टाकीची सगळी ओढ खालच्या कानावर आली होती. त्या दोन बोल्टांवरची धूळ पुसली, तर कडांवरून ओघळलेलं कुंकू दिसलं. पाना एकदा जरी लागला असता, तरी ते खरवडून निघालं असतं.

ते माझ्याच घरचं कुंकू होतं. खंडेनवमीला माझे सगळे पाने पाटावर पूजेला मांडले होते. जीप क्लचच्या कामाला आली होती; खालचे दोन बोल्ट आवळून झाले होते, आणि ताटात उरलेल्या वरच्या चार बोल्टांनाही सिंधूनं, माझ्या बायकोनं, तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, आणि जीप तर दसऱ्याला हवी. म्हणून मी चारही बोल्ट बोटांनीच फिरवून ठेवले. सकाळी आवळू म्हटलं. सकाळी चेअरमन हार घेऊन आले, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि मी आवळायचं साफ विसरलो.

आणि आता मी काय केलं? रॉकेलची चिंधी घेऊन एका बोल्टचं कुंकू पुसून टाकलं. दुसऱ्याला हात घालणार तोच सिंधू चहा घेऊन आली.

"म्या लावलेलं कुंकू हाय ना ते? कावून पुसायलाव?"

मी चिंधी खाली टाकली. ती चहा ठेवून निघून गेली.

तीन दिवस कवचावर काम केलं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडलं, तडा खोल कोरला, कवच कोळशाच्या भट्टीत तापवून पितळ भरलं आणि राखेत पुरून सावकाश निवू दिलं. बीड घाईनं गार केलं की पुन्हा तडकतं. हे सगळं मला येत होतं. गहिनीनाथपुढे जायची हिंमत तेवढी होत नव्हती.

चौथ्या दिवशी तो दुसरा बोल्ट खिशात घालून दुष्काळी कामावर गेलो. गहिनीनाथच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी त्याच्यापुढे बोल्ट धरला. त्याने हातोडा खाली ठेवला.

"मला ठावं हाय, मिस्त्री. नवमीला मी जीप पुसाया आल्तो, तवा तुमी बोटानं बोल्ट फिरवत होता. मागून आवळले असतील म्हणलं. जीप तडकली तवा ध्यानात आलं."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"बोललो की. खोलून बघा म्हणलं. तुमचं तुमाला दिसंल म्हणून. दहा माणसात मिस्त्रीची लाज काढू काय?"

छबुबाईनं मान वर न करता म्हटलं, "त्यांची लाज राखली, अन् आपली भाकर गेली."

मी बोल्ट परत खिशात टाकला.

तसाच सोसायटीच्या हापिसात गेलो. तेच दहा जण बसले होते. टेबलावर बोल्ट ठेवला आणि पुसलेल्या कुंकवासकट सगळं सांगितलं. राधाकिशनराव मला जे बोलले त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. किल्ली त्यांनी गहिनीनाथकडे पाठवून दिली.

रात्री बसून मी जीप जोडून काढली; दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ ती न्यायला आला. इतकी वर्षं माझ्या हाताखालून निघालेली गाडी त्याने कधी तपासली नव्हती. त्या दिवशी त्याने जमिनीवर पोतं अंथरलं आणि हात पुढे केला.

"मिस्त्री, जरा पाना द्या."

मी दिला. तो जीपखाली शिरला आणि एकेक करून सहाही बोल्टांना पाना लावून पाहिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. सगळे बोल्ट घट्ट होते. तरी तो बाहेर येईपर्यंत मी मान वर केली नाही.